बिडी, दमा आणि फेनो टेस्टचा आकडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या छातीच्या दवाखान्यातून परतलेल्या दम्याच्या पेशंटच्या फायलीत हल्ली एक लहानसा कागद असतो. त्यावर एक आकडा आणि पुढे ‘पीपीबी’. तो कागद घेऊन लोक गावातल्या डॉक्टरकडे जातात, मेडिकलवाल्याला दाखवतात, आशाताईला विचारतात, आणि जो तो आपापल्या परीनं अर्थ लावतो. बिडी ओढणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा अर्थ हमखास उलटा लागतो. म्हणून ओपीडीत कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न लोक विचारतात त्याच बोलीत ठेवले आहेत.

हे फेनो म्हंजे काय हाय? रक्ताची तपासणी हाय का?

रक्त नाही, सुई नाही. तुम्ही सोडलेल्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू किती आहे, एवढंच यात मोजतात. हा वायू सगळ्यांच्याच श्वासात थोडाफार असतो. श्वासनळीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी तो तयार करतात. नळीला ॲलर्जीच्या जातीची सूज आली की त्याच पेशी तो कितीतरी जास्त बनवू लागतात. म्हणून आकडा वर गेला की या जातीची सूज असल्याचा संशय बळावतो. ही सूज स्टेरॉइडच्या पंपाला साधारणपणे चांगली दाद देते, त्यामुळे ‘या माणसाला पंपाचा फायदा होईल का’ या प्रश्नाला फेनोची मदत होते.

पीपीबी म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत किती भाग. माप इतकं बारीक आहे. माणसाच्या उच्छ्वासात हा वायू असतो हे १९९१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं आणि दम्यात तो वाढतो हे १९९३ मध्ये समोर आलं. शरीरात हा वायू निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तोपर्यंत तो मोटारीच्या धुरातला विषारी वायू म्हणूनच लोकांना ठाऊक होता.

फुकायचं कसं? दम लागलेला माणूस करू शकते का?

करू शकतो, पण घाई करून चालत नाही. तोंडात नळी धरून यंत्रातूनच छाती भरून श्वास घ्यायचा आणि मग तो एकसारखा, अगदी सावकाश, सुमारे १० सेकंद सोडत राहायचा. सावकाश म्हणजे सेकंदाला ५० मिलिलिटर. लोकांना वाटतं त्यापेक्षा हे बरंच हळू असतं. पडद्यावर एखादं चित्र असतं, ते मधल्या पट्ट्यात तरंगत ठेवायचं.

आमच्याकडची गंमत अशी की ज्यांनी आधी स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, केलेली असते त्यांना ‘जोरात, आणखी जोरात’ हेच शिकवलेलं असतं. ते इथेही गाल फुगवून, डोळे मिटून फुंकतात, चित्र वर उडतं, यंत्र कुरकुरतं आणि पुन्हा सुरुवात. शाळेतल्या पोरी दुसऱ्याच फुंकीला बरोबर करतात. वेग इतका का सांभाळायचा, तर वायू नळीच्या भिंतीतून श्वासात मिसळत असतो. श्वास भरभर गेला तर त्याला मिसळायला वेळ मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो.

आकडा किती आला म्हंजे बरा?

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं २०११ मध्ये घालून दिलेल्या मर्यादा बहुतेक ठिकाणी वापरतात. मोठ्या माणसात २५ च्या खाली कमी, ५० च्या वर जास्त, मधलं मधलं. बारा वर्षांखालच्या मुलांत २० आणि ३५. कागदावर छापलेल्या मर्यादा याच असतात.

पण त्या कागदावर ‘हा माणूस बिडी ओढतो का’ असा रकाना बहुधा नसतो. गडबड तिथूनच सुरू होते.

मी दिवसाले दोन कट्टे बिडी ओढतो, तरी आकडा १२ आला. म्हंजे माही छाती साफ हाय ना?

नाही, काकाजी. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण याच गैरसमजातून लोक पंप बंद करतात.

धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासातला नायट्रिक ऑक्साइड धुरामुळे दबलेला असतो. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये ही घट साधारण ३० ते ६० टक्के दिसली आहे, आणि रोजचं प्रमाण जितकं जास्त तितका आकडा खाली. दम्याच्या पेशंटमध्येही हेच होतं. दमा आहे, रात्री उठून बसावं लागतं, छातीतून शिट्टी वाजते, पण बिडी चालू असल्यामुळे फेनो एखाद्या निरोगी, बिडी न ओढणाऱ्या माणसाएवढा येतो. वीज मीटरला चुंबक लावला की युनिट कमी दिसतात, घरात पंखा तेवढाच फिरतो आणि वीज तेवढीच जळते. तुमच्या १२ चं तसंच आहे.

तेव्हा बिडी ओढणाऱ्याच्या कागदावर १२ असेल तर त्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, ॲलर्जीच्या जातीची सूज खरंच नाही. दोन, सूज आहे पण धुरानं आकडा दाबला आहे. एकट्या आकड्यावरून यातला कुठला अर्थ खरा हे कोणालाच सांगता येत नाही, यंत्र कितीही महाग असो.

धुरानं आकडा कमी काहून होते? धुरात तर हाच वायू असते म्हणतात.

बरोबर ऐकलंत, आणि कोडं इथेच सुटतं. सिगारेटच्या धुरात नायट्रिक ऑक्साइड शेकडो पीपीएम असतो. एक पीपीएम म्हणजे हजार पीपीबी, तेव्हा तुमच्या श्वासातल्या २०-३० पीपीबीपुढे तो हजारो पटींनी जास्त झाला. बाहेरून एवढा माल येत राहिला की पेशी आपलं उत्पादन कमी करतात. हा वायू तयार करणारं जे विकर आहे, म्हणजे एन्झाइम, तेच मंदावतं.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. नायट्रिक ऑक्साइड आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासनळीत हे आर्जिनिन दुसरीकडे वळवणाऱ्या आर्जिनेज या विकराचा जोर वाढलेला आढळला आहे. शिवाय विकराला कामात जो सहायक पदार्थ लागतो तोही धुरानं नासतो.

तिसरं असं की धुरातले तिखट ऑक्सिडंट पदार्थ तयार झालेल्या वायूलाही वाटेतच गाठतात आणि त्याचं पेरॉक्सिनायट्राइट नावाच्या दुसऱ्याच रसायनात रूपांतर करतात. ते यंत्राला दिसत नाही, पण पेशींना मात्र चांगलंच भाजतं. आणि वर्षानुवर्षांच्या धुरानं जे अस्तर हा वायू बनवतं तेच झिजत जातं.

या सगळ्यांचा हात कमी-जास्त असतो. धूम्रपान करणाऱ्यांचा आकडा कमी येतो हे लंडनच्या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलं, तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. ही मापं बहुतेक सिगारेटवरची आहेत. बिडी त्यापेक्षा सौम्य असेल अशी आशा कोणी ठेवू नये. तेंदूच्या पानाची बिडी मधेच विझते, म्हणून ती जास्त वेळा आणि जास्त जोरानं ओढावी लागते. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून कमी मिळत नाही, उलट जास्तच मिळतं.

मंग बिडीनं सूज कमी होते असंच झालं ना?

हा प्रश्न विचारणारा माणूस हुशार असतो आणि त्याला बिडी सोडायची नसते.

धुरानं फक्त एका खुणेचं माप दबतं. सूज मात्र वाढते आणि जात बदलते. बिडी ओढणाऱ्याच्या नळीत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा भरणा होतो, आणि ही सूज फेनोत उमटत नाही. शिवाय ती स्टेरॉइडला नीट जुमानत नाही. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००२ च्या सुमारास सौम्य दम्याच्या पेशंटना स्टेरॉइडचा पंप देऊन पाहिला: न ओढणाऱ्यांना फायदा झाला, ओढणाऱ्यांना जवळजवळ काहीच नाही. पुढे त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्याही देऊन पाहिल्या, चित्र तेच. पेशीच्या आत स्टेरॉइड ज्या प्रथिनाच्या मदतीनं काम करतं त्याला धूर लंगडं करतो, असं त्यामागचं एक कारण सांगितलं जातं.

त्याच गटानं २००६ मध्ये आणखी एक गोष्ट छापली. दमा असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी काहींनी ते सोडलं. सहा आठवड्यांत त्यांची पहिल्या सेकंदात फुंकायची ताकद, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे ४०० मिलिलिटरनं वाढली. गट लहान होता, तरी हा फरक मोठा आहे. दम्याच्या कित्येक औषधांना एवढं जमत नाही.

अन् बिडी ओढूनही आकडा जास्त आला तं?

तर तो गांभीर्यानं घ्यायचा. समजा दिवसाला पंधरा बिड्या ओढणाऱ्या माणसाचा आकडा ४५ आला. छापील मर्यादेत तो ‘मधला’ आहे आणि रिपोर्टवर तसंच लिहून येईल. पण धुरानं दाबूनही ४५ आलाय. न ओढता किती आला असता हे गणित करून काढता येत नाही, तरी दिशा स्पष्ट आहे: ॲलर्जीची सूज जोरात आहे आणि पंपाचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. अशा वेळी पंप खरंच रोज घेतला जातो का, तो नीट ओढला जातो का, हे आधी पाहायचं. आमचा अनुभव असा की पंप खिशात असतो, पण सकाळी बिडीची आठवण पहिली येते.

आणखी एक स्थानिक बाब. सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशरवर उभं राहिलेल्या, किंवा तुरीचं कुटार भरताना नाकातोंडात धूळ गेलेल्या माणसाचा आकडा त्या दिवसांपुरता वर जाऊ शकतो. सर्दी झाली असली तरी वाढतो. डॉक्टरांना कामाचं सांगा.

बिडीवाल्याचा आकडा खोटाच येते, मंग टेस्ट कायले करता?

रास्त तक्रार आहे. एकट्या आकड्यासाठी करू नये असंच आमचं मत. पण त्याच माणसाचा आकडा पुन्हा पुन्हा, सारख्या परिस्थितीत मोजला तर बिडीवाल्यातही तो बोलतो. दम्यावरचा ताबा सुटला की वाढतो, आवरला की उतरतो. हे ओढणाऱ्या पेशंटवरच्या अभ्यासातही दिसलं आहे. साधारण नियम असा: सुरुवातीचा आकडा ५० च्या वर असेल तर २० टक्क्यांहून जास्त घट, आणि ५० च्या खाली असेल तर १० पीपीबीहून जास्त घट, म्हणजे औषध लागू पडतंय. मात्र मधल्या काळात बिड्यांची संख्या बदलली तर ही तुलना फसते.

बाकी निदान जुन्याच साधनांनी होतं. स्पायरोमेट्री करून, मग नळी उघडणारं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदाचा आकडा १२ टक्के आणि २०० मिलिलिटर या दोन्हींपेक्षा जास्त सुधारला की दम्याकडे बोट जातं. पीक फ्लो मीटर तर प्लास्टिकचं साधं यंत्र, घरी सकाळ-संध्याकाळ फुंकून वहीत लिहिता येतं. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या, ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडाही उपयोगी पडतो. फक्त आपल्या भागात एक पाचर आहे: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हत्तीरोग जुना आहे, पोटात जंतही असतात, आणि या दोन्हींनी इओसिनोफिल वाढतात. तेव्हा त्या एका आकड्यावरून कोणी दम्याचा शिक्का मारत असेल तर थांबायला सांगा.

मले दमा हाय का बिडीचा खोकला, हे फेनोनं समजते का?

पूर्ण नाही. वर्षानुवर्षं धूर ओढून होणारा सीओपीडी हा वेगळा आजार आहे. त्यात फेनो सहसा कमीच असतो, आणि बिडी ओढणाऱ्या दमेकऱ्याचाही कमीच. दोघे एकाच ओळीत येऊन बसतात. लहानपणापासूनचा त्रास, शिंका, घरात कोणाला दमा, मधले कित्येक दिवस अगदी बरं वाटणं, या गोष्टी दम्याच्या बाजूच्या. चाळिशीनंतर सुरू होऊन हळूहळू वाढतच जाणारा दम सीओपीडीच्या बाजूचा. कित्येकांत दोन्ही असतं.

आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी बेडका तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होतो. बिडीचाच खोकला म्हणून घरी बसलेल्यांत टीबी निघतो.

टेस्टच्या दिवशी बिडी नाई ओढली तं आकडा खरा येईल का?

एका दिवसानं काही फरक पडत नाही. धुरानं मंदावलेल्या पेशी सकाळी जाग्या होत नाहीत. तपासणीच्या आधी किमान एक तास बिडी ओढू नये असा नियम आहे, पण तो ताज्या धुराची भेसळ टाळण्यासाठी. मागच्या वर्षांचा हिशेब त्यानं पुसला जात नाही.

त्या एका तासात खाणंपिणंही बंद ठेवायचं. पालक आणि बीटमध्ये नायट्रेट भरपूर असतं, त्याचा तोंडातच नायट्रिक ऑक्साइड बनतो आणि आकडा फुगतो, तेव्हा त्या दिवशी सकाळच्या डब्यात ते नको. दारूनं आकडा कमी होतो. फेनो आणि स्पायरोमेट्री एकाच दिवशी असेल तर फेनो आधी करायची, कारण जोरात फुंकल्यावर आकडा तात्पुरता उतरतो. हे तंत्रज्ञाला माहीत असतं, पण गर्दीच्या दिवशी नंबर उलटा लागतो. तुम्हीच आठवण करून द्या, कोणी रागावणार नाही.

घरच्यांसमोर बिडी किती ओढतो, कसं सांगू?

सांगता येत नाही, हे आम्हालाही कळतं. टेबलाच्या या बाजूनं दिसतं ते असं: ‘बिडी किती?’ विचारलं की माणूस आधी शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहतो, मग म्हणतो, ‘दोन-तीन.’ ती काही बोलत नाही, पदर नीट करते. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पिवळी झालेली असतात.

डॉक्टरांना एकटं भेटायचं आहे म्हणा. खरा आकडा तिथे सांगा. तुम्ही तीन म्हणालात आणि ओढता तीस, तर डॉक्टर तुमच्या कमी फेनोला खरं मानतील, पंपाचा डोस कमी करतील किंवा दमाच नाही म्हणतील. बायका बिडी ओढतात किंवा तंबाखूची मिस्री लावतात, त्यांना तर कोणी विचारतसुद्धा नाही. मावशी, तुम्ही स्वतःहून सांगा.

काही दवाखान्यांत श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं वेगळं यंत्र असतं. बिडी ओढणाऱ्याचा तो आकडा वाढलेला येतो. एक वायू वर, दुसरा खाली, असे दोन कागद शेजारी ठेवले की बोलायचं फारसं उरत नाही. मात्र कार्बन मोनॉक्साइड काही तासांतच उतरू लागतो, त्यामुळे तो फक्त काल-आजचं सांगतो.

बिडी सोडली अन् आकडा वाढला. सोडूनच चूक केली का?

नाही. आकडा वाढणं अपेक्षितच आहे. धूर बंद झाला की पेशी पुन्हा आपलं काम करू लागतात आणि काही आठवड्यांत आकडा चढतो. आधी १२ होता आणि आता ३४ झाला, तर बहुतेक वेळा सूज नव्यानं आलेली नसते. ती होतीच, आता दिसू लागली. हा ३४ तुमच्या डॉक्टरांच्या दृष्टीनं आधीच्या १२ पेक्षा जास्त कामाचा आहे, कारण यावरून पंपाचा डोस ठरवता येतो.

सुरुवातीच्या दिवसांत काहींना खोकला आणि बेडकाही जास्त येतो. नेमका त्याच वेळी वाढलेला आकडा हातात पडतो आणि पारावरचा कोणी म्हणतो, ‘बघ, सोडली अन् बिमार पडला.’ घरच्यांनी हे आधीच ऐकून ठेवलेलं बरं. बिडी सोडल्यावर नवा पाया म्हणून एकदा फेनो करून घ्यावी आणि पुढची तुलना त्याच्याशी करावी, जुन्या कागदाशी नाही.

दम वाढला, बोलताना वाक्य पुरं होईना, पंप घेऊनही आराम पडेना, तर मात्र आकड्याचा विचार न करता थेट दवाखाना गाठा.

मी बिडी नाई ओढत, खर्रा खातो. माहा आकडा खरा का खोटा?

वर सांगितलं ते सगळं धुराचं आहे. खर्रा म्हणजे सुपारी आणि तंबाखू घोटून केलेलं मिश्रण, त्याला धूर नाही. तेव्हा ‘खर्ऱ्यानं माझा आकडा दबला असेल’ असं धरून चालू नका. २५ च्या खाली असेल तर तो २५ च्या खालीच समजायचा, फक्त तपासणीआधी एक तास तोंडात काही नको. पन्नीत घोटलेली पुडी खिशातच राहू द्या.

आपल्याकडे हा प्रश्न मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे मोठे लोक ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे २४.४ टक्के. बिडी सोडून खर्ऱ्यावर आलेले पेशंट आम्हाला अभिमानानं सांगतात. फुप्फुसाला तेवढी उसंत मिळते हे खरं, पण तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटंही आत जात नाहीत. ती तपासणी वेगळी, दातांच्या डॉक्टरकडची. तीही करून घ्या.

मी बिडी ओढत नाई, वळतो. मले दम लागते.

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या बायका हे विचारतात. सुपात तंबाखूची भुकटी, मांडीवर सूप, बंद खोली, आणि शेजारी झोपलेलं लेकरू. ही भुकटी नाकातोंडात जाते, खोकला आणि दम वाढवते. फेनो दबतो तो जळत्या धुरानं, त्यामुळे तुमचा आकडा ओढणाऱ्याच्या हिशेबानं वाचायचा नाही. डॉक्टरांना ‘बिडी ओढत नाही’ एवढंच सांगून थांबू नका, वळता हे सांगा. काम दाराशी, वाऱ्याला बसून करा, नाकाला रुमाल बांधा, आणि पोरांना त्या खोलीत झोपवू नका.

घरात बुढा ओढते, चूलही हाय. पोराच्या टेस्टवर फरक पडते का?

दुसऱ्याच्या धुराचा फेनोवर काय परिणाम होतो, याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत मुलांचा आकडा कमी दिसला, काहींत नाही. चुलीच्या धुराचंही तसंच. त्यामुळे अशा घरातल्या पोराचा कमी आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. दम्यावर मात्र धुराचा परिणाम नक्की होतो: झटके वाढतात, शाळा बुडते.

सिलिंडर आलंय, पण भाकरी चुलीवरच गोड लागते आणि पाणी तापवायला तुऱ्हाट्या फुकट आहेत, हे माहीत आहे. निदान पोरगं चुलीजवळ अभ्यासाला बसवू नका, आणि चूल अंगणात घ्या. बुढ्यानं ओसरीत ओढली तरी धूर आतच येतो; त्याला वावराचा बांध दाखवा.

दम्याची गोळी चालू हाय. बिडी सोडली तं गोळी तेवढीच घेऊ का?

हे विचारलंत ते फार बरं केलंत, कारण हे सांगायचं राहून जातं. आपल्या भागात थिओफिलिनच्या गोळ्या पुष्कळ चालतात, कारण स्वस्त आहेत आणि मेडिकलमध्ये सहज मिळतात. बिडीच्या धुरातले पदार्थ यकृताचा वेग वाढवतात आणि हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. ओढणाऱ्याला म्हणून जास्त डोस लागतो. बिडी बंद केली की आठवडाभरात तो वेग उतरतो आणि तीच गोळी अंगात साचू लागते. मळमळ, छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं अशी लक्षणं दिसतात; जास्त झालं तर फिट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा घोळ. लोक याला ‘बिडीची तलफ’ समजतात आणि पुन्हा ओढू लागतात. बिडी सोडायची तारीख ठरली की गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगा, डोस तो ठरवेल. निकोटिनच्या च्युइंगगम किंवा पट्टीनं हा घोळ होत नाही, कारण तो निकोटिनमुळे नसून धुरामुळे होतो.

टेस्टसाठी नागपूरले जाच लागते का? अन् सोडायले मदत कुठं भेटते?

प्राथमिक आरोग्य केंद्रात फेनोचं यंत्र नसतं, तालुक्यालाही बहुधा नाही. पण दम्याचे उपचार त्यावाचून अडत नाहीत. केवळ या एका आकड्यासाठी एसटीनं दिवस मोडून जाऊ नका. स्पायरोमेट्रीसाठी मोठ्या दवाखान्यात जाणारच असाल तर विचारून घ्या.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. बिडीच्या कट्ट्यावरही तो छापलेला असतो, फक्त चित्राकडे पाहायचं टाळताना तो वाचायचा राहतो. जिल्हा रुग्णालयात समुपदेशक असतात. गडचिरोलीत गावपातळीवर दारू आणि तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ चालतं, तिथल्या लोकांनी तिकडे विचारावं.

रिपोर्टचा कागद जपून ठेवू का फेकू?

ठेवा, आणि त्याच्या मागे पेनानं लिहा: त्या दिवसांत रोज किती बिड्या, सर्दी होती का, कोणता पंप आणि तो खरंच घेत होतो का. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला. काही यंत्रांच्या थर्मल कागदावरची शाई उन्हाळ्यात उडते, तेव्हा आकडाही मागे लिहून ठेवा.